मुखपाक : आधुनिक वैद्यक व आयुर्वेद यांचा समन्वित विचार

वार्षिक अहवालात जमाखर्च, रुग्णसेवेचा आढावा आणि देणगीदारांची नामावली यांबरोबर आरोग्यविषयक एक अभ्यासलेख द्यावा, असा आपल्या रुग्णालयाचा प्रघात आहे. यंदा त्यासाठी आम्ही मुखपाक, म्हणजेच व्यवहारात ज्याला आपण 'तोंड येणे' म्हणतो, हा विषय निवडला आहे. विषय किरकोळ वाटेल. तोंड कोणाचे आले नाही? दोन दिवस तिखट वर्ज्य करावे, थोडे तूप लावावे, आठ-दहा दिवसांत सारे पूर्ववत होते, असा सर्वांचाच अनुभव आहे. परंतु काही रुग्णांच्या बाबतीत तोंड येणे हे दुसऱ्या एखाद्या गंभीर आजाराचे पहिले चिन्ह असते, आणि कर्करोगाचे उपचार घेणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत तर त्यावर चालू उपचार पूर्ण होणार की अर्धवट राहणार, हे ठरू शकते.

आपल्याकडे आधुनिक वैद्यकाचा बाह्यरुग्ण विभाग आणि आयुर्वेद विभाग एकाच इमारतीत आहेत. त्यामुळे "यावर ॲलोपॅथीचे औषध घ्यावे की आयुर्वेदिक?" हा प्रश्न नातेवाईक आम्हांला वारंवार विचारतात. प्रशासनाचे काम करणाऱ्यांनी औषध सुचवू नये, हे उघड आहे. म्हणून दोन्ही विभागांतील तज्ज्ञांशी चर्चा करून, त्यांच्या मार्गदर्शनाने हा लेख सिद्ध केला आहे. त्या चर्चेचे सार एका वाक्यात सांगावयाचे तर असे : तोंड कशामुळे आले हे प्रथम ठरवावे, उपचाराची निवड त्यानंतर करावी. हा क्रम पाळला तर दोन्ही शास्त्रांना आपापले काम आहे. क्रम चुकला तर दोन्हींतील उत्तम औषधेही रुग्णाचा मौल्यवान वेळ घालवतात.

तोंड का येते?

तोंडाच्या आतील अस्तराला श्लेष्मल त्वचा म्हणतात. तिच्या पेशी सतत झडतात व नव्या तयार होतात. साधारण एक ते दोन आठवड्यांत हे अस्तर नवे होते. तिला ओलसर ठेवण्याचे आणि धुण्याचे काम लाळ करते. निरोगी माणसात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. पेशींची वाढ खुंटली, लाळ कमी झाली किंवा अस्तराला सतत इजा होत राहिली, की दाह सुरू होतो.

नेहमी आढळणारी कारणे अशी आहेत. पहिले कारण वारंवार येणारी साधी तोंडाची फोडे. ही लहान, गोल, कडेने लाल व मध्ये पिवळसर असतात आणि बहुधा सात ते चौदा दिवसांत भरतात. ती पुन्हा पुन्हा येत असतील तर लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ जीवनसत्त्व यांची कमतरता आहे काय, हे रक्त तपासून पाहावे लागते. ब-१२ मुख्यतः प्राणिज पदार्थांतून मिळत असल्याने शाकाहारी कुटुंबांत, विशेषतः दूधदुभते कमी असलेल्या घरांत, ही कमतरता पुष्कळ दिसते. दुसरे कारण बुरशीचा संसर्ग. त्यात जिभेवर व गालाच्या आत दह्याच्या कवडीसारखे पांढरे थर दिसतात. मधुमेही, कवळी वापरणारे, दम्यासाठी स्टिरॉइडचा पंप घेणारे आणि दीर्घकाळ प्रतिजैविके घेतलेले रुग्ण यांत हा संसर्ग अधिक आढळतो. तिसरे कारण दाताची तुटलेली कड किंवा न बसणारी कवळी. चौथे कारण औषधे.

औषधांपैकी एकाचा येथे मुद्दाम उल्लेख करतो. संधिवातासाठी दिली जाणारी मेथोट्रेक्सेटची गोळी बहुधा आठवड्यातून एकदाच घ्यावयाची असते. ती गैरसमजाने रोज घेतली गेली, तर काही दिवसांत तोंडात वेदनादायक जखमा होतात, आणि त्याच वेळी अस्थिमज्जेचे कार्य मंदावून रक्तातील पेशी घटू लागतात. येथे तोंड येणे ही धोक्याची घंटा असते. अशा रुग्णाने केवळ तोंडाला लावण्याचे औषध घेतले, मग ते कोणत्याही शास्त्राचे असो, तर आग कमी होईल, पण गोळी चालूच राहील आणि जिवावर बेतेल.

पाचवे कारण आपल्या राज्यात सर्वाधिक चिंतेचे आहे. ते म्हणजे तंबाखू, सुपारी आणि चुना. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील प्रौढांपैकी जवळजवळ एक चतुर्थांश लोक धूरविरहित तंबाखूचे सेवन करतात, असे आढळले. मिश्री, मावा, खर्रा, तंबाखू-चुना ही त्याची घरोघरची रूपे. राज्यात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, तरी सवय सुटलेली नाही. सुपारीमुळे गालाचे अस्तर हळूहळू ताठर होते आणि तोंड उघडेनासे होते. त्याची सुरुवात बहुधा तिखट सहन न होण्याने, म्हणजे 'तोंड आल्या'सारख्या आगीनेच होते. हा विकार पुढे कर्करोगाकडे वळू शकतो. म्हणूनच दोन आठवड्यांत न भरणारी तोंडातील कोणतीही जखम, न पुसली जाणारा पांढरा वा लाल चट्टा आणि कमी होत चाललेले तोंडाचे उघडणे, या तीन गोष्टी दिसल्यास कोणतेही घरगुती औषध न करता प्रथम तपासणी करून घ्यावी.

आयुर्वेदातील विचार

आयुर्वेदाने मुखरोगांचा विचार फार सूक्ष्मपणे केला आहे. सुश्रुतसंहितेत ६५ मुखरोग सांगितले असून त्यांची सात स्थाने मानली आहेत : ओठांचे ८, दंतमूलांचे १५, दातांचे ८, जिभेचे ५, टाळूचे ९, कंठाचे १७ आणि संपूर्ण मुखात पसरणारे, म्हणजे सर्वसर, ३. मुखपाकाचा समावेश या शेवटच्या वर्गात होतो. वाताच्या प्रकारात टोचल्यासारखी वेदना, पित्ताच्या प्रकारात लाल-पिवळसर फोड व आग, आणि कफाच्या प्रकारात खाज व अल्प वेदना, असा लक्षणभेद वर्णिलेला आहे. आधुनिक निदानाशी त्याची नेमकी जुळणी करण्याचा अट्टहास करू नये, असे आमच्या वैद्यांचे मत आहे. मात्र रुग्णाला विचारण्याचे प्रश्न, म्हणजे आग अधिक की टोचणी अधिक, खाज आहे काय, रंग कोणता, हे दोन्ही विभागांना सारखेच उपयोगी पडतात.

उपचारांत स्थानिक उपचारांना मोठे स्थान आहे. औषधी द्रवाने तोंड इतके भरावे की तो हलवताही येऊ नये, त्यास गंडूष म्हणतात. द्रव कमी घेऊन तोंडात खेळवला की तो कवल. औषधी चूर्ण वा चाटण बोटाने हळुवार लावणे म्हणजे प्रतिसारण. कार्यानुसार स्नेहन करणारा, शमन करणारा, शोधन करणारा आणि रोपण, म्हणजे जखम भरून आणणारा, असे कवलाचे चार प्रकार सांगितले आहेत. ज्येष्ठमध, मध आणि तूप ही शमन व रोपणाची द्रव्ये. त्रिफळा आणि खदिर ही तुरट, शोधनाची द्रव्ये. त्यांतील भेद जाणणे व्यवहारात महत्त्वाचे असते. साल गेलेल्या, लालबुंद तोंडात त्रिफळ्याचा घट्ट काढा किंवा तुरटीचे पाणी घेतले तर ते झोंबते आणि कोरडेपणा वाढवते.

कर्करोगाच्या उपचारांतील मुखपाक

आता ज्या रुग्णांसाठी हा विषय आम्ही मुख्यत्वे निवडला, त्यांच्याकडे वळतो. तोंडाच्या व घशाच्या कर्करोगात किरणोपचार साधारणपणे सहा ते सात आठवडे, आठवड्यातून पाच दिवस दिले जातात. किरण रोगट पेशींबरोबर अस्तरातील झपाट्याने वाढणाऱ्या निरोगी पेशींनाही इजा करतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तोंड लाल होऊन सोलवटू लागते, आणि या रुग्णांपैकी बहुतेक सर्वांना कमी-अधिक प्रमाणात हा त्रास होतो. केमोथेरपीमुळे होणारा मुखपाक सहसा पाच ते दहा दिवसांत सुरू होऊन दोन-तीन आठवड्यांत ओसरतो. किरणोपचारांचा मात्र उपचार संपल्यावरही काही आठवडे टिकतो.

त्याची तीव्रता मोजण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची साधी श्रेणी आहे. पहिल्या श्रेणीत लाली व हुळहुळणे, दुसरीत जखमा असूनही रुग्ण घन आहार घेऊ शकतो, तिसरीत केवळ पातळ पदार्थ जातात, आणि चौथीत तोंडाने काहीच घेता येत नाही. ही श्रेणी ठरविण्यास यंत्र लागत नाही. 'आज काय जेवलात?' हा प्रश्न आणि एक बॅटरी पुरेशी असते.

आपल्या रुग्णालयात किरणोपचारांची सोय नाही. तालुक्यातील रुग्ण त्यासाठी शहरात जातात, शुक्रवारी संध्याकाळी घरी येतात आणि सोमवारी परत जातात, किंवा जावयास हवेत. चौथ्या-पाचव्या आठवड्यात तोंड आल्यावर पाणीही गिळवत नाही. त्यात प्रवासाचा खर्च आणि बुडालेली मजुरी. "एवढं तोंड बरं होऊ दे, मग पुढच्या सोमवारी जाऊ," असे घरचे म्हणतात. ते प्रेमापोटीच म्हणतात. पण किरणोपचारांचा एकूण कालावधी लांबला, तर लांबलेल्या प्रत्येक दिवसामागे रोग आटोक्यात राहण्याची शक्यता सुमारे एक टक्का किंवा त्याहूनही अधिक घटते, असे अभ्यासांत दिसून आले आहे. म्हणजे आठवडाभराची ही विश्रांती फार महाग पडते. या रुग्णांत मुखपाकाच्या उपचाराचे पहिले उद्दिष्ट त्यामुळे एकच ठरते : रुग्ण सोमवारी गाडीत बसला पाहिजे.

कोणते उपाय, कोणत्या आधारावर?

या क्षेत्रातील आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या संस्थांनी २०२० साली मार्गदर्शक सूचना अद्ययावत केल्या. त्यांत मध्यम मात्रेच्या किरणोपचारांत बेन्झिडामिनच्या गुळण्या, सोय असेल तेथे कमी शक्तीचा लेसर, आणि फ्लुरोयुरॅसिल हे औषध शिरेतून एकदम देताना तोंडात ३० मिनिटे बर्फ चघळणे, यांचा पुरस्कार केलेला आहे. तीव्र वेदनांसाठी मॉर्फिनचा वापर करण्यात संकोच नसावा. उलट, अनेकांच्या घरी असलेले क्लोरहेक्सिडिनचे माउथवॉश डोके-मानेच्या किरणोपचारांतील मुखपाक टाळण्यासाठी वापरू नये, असे त्याच सूचनांत सुचविले आहे. हिरड्यांच्या विकारात ते उपयुक्त आहे, परंतु हे काम त्याचे नव्हे.

याच सूचनांत मधालाही स्थान मिळालेले आहे, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. मलेशियातील अभ्यासकांनी २००३ साली ४० रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. रुग्णांना किरणोपचारांपूर्वी १५ मिनिटे, नंतर १५ मिनिटांनी आणि पुन्हा ६ तासांनी २० मिलिलिटर मध तोंडात फिरवून हळूहळू गिळण्यास दिला. मध घेणाऱ्यांपैकी २० टक्के, तर न घेणाऱ्यांपैकी ७५ टक्के रुग्णांना तीव्र मुखपाक झाला. पुढे २०१२ साली इंग्लंडमध्ये मनुका मधावर झालेल्या मोठ्या अभ्यासात मात्र असा लाभ आढळला नाही. अनेक अभ्यास एकत्र पाहून तज्ज्ञांनी मधाची शिफारस केली, पण सौम्य शब्दांत. जामनगर येथील आयुर्वेद पदव्युत्तर संस्थेतील अभ्यासकांनी २०११ साली ज्येष्ठमधाची पूड व मध यांच्या स्थानिक वापराचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातही मुखपाकाची तीव्रता घटल्याचे नमूद आहे. हा अभ्यास लहान आहे आणि त्याची मोठ्या प्रमाणावर पुनरावृत्ती व्हावयास हवी. तथापि, ग्रंथांत मधाचे जे रोपणाचे गुण सांगितले आहेत, त्यांची आधुनिक पद्धतीने पारख होऊ शकते, एवढे यावरून निश्चित दिसते.

सावधगिरी

घरगुती म्हणजे निरुपद्रवी, हा समज दोन्ही विभागांना सारखाच खोडून काढावा लागतो. एक वर्षाखालील बाळाला मध देऊ नये, कारण त्यातील जंतूंच्या बीजांमुळे त्याला बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. बाळाच्या तोंडाला टाकणखार लावण्याची जुनी चाल आहे. टाकणखार पोटात गेल्यास बाळाला विषबाधा होऊ शकते, म्हणून ती चाल बंद करावी. मधुमेही रुग्णाने मध डॉक्टरांना विचारूनच घ्यावा. किरणोपचारांमुळे लाळ आटलेली असताना मध दातांवर राहिला तर दात किडतात, म्हणून दातांची निगा आणि फ्लोराइडचा वापर सोडू नये. ज्येष्ठमध दीर्घकाळ व मोठ्या प्रमाणात पोटात गेल्यास रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटते. रक्तदाबाची किंवा हृदयविकाराची औषधे घेणाऱ्यांनी त्याच्या गुळण्या कराव्यात आणि थुंकून टाकाव्यात. ज्यांत धातू आहेत अशी, किंवा घटक न लिहिलेली चूर्णे केमोथेरपी चालू असताना घेऊ नयेत. बधिर करणारे लिग्नोकेनचे जेल लावल्यावर लगेच गरम पदार्थ खाऊ नये, तोंड भाजले तरी कळत नाही.

कातासंबंधीही एक शब्द. खदिर औषध आहे, मग पानातला कात का नको, असा युक्तिवाद आम्ही ऐकला आहे. पानात कातासोबत सुपारी, चुना आणि पुष्कळदा तंबाखू असतो. त्या संगतीत काताचा औषधी गुण उरत नाही.

रुग्णालयातील कार्यपद्धती

दोन्ही विभागांच्या संमतीने आपण एक साधी पद्धत अवलंबिली आहे. तोंडाच्या तक्रारीचा रुग्ण कोणत्याही विभागात आला, तरी प्रथम कवळी काढून, बॅटरीच्या प्रकाशात जिभेखालची व गालांमागची जागा पाहिली जाते. चालू असलेली सर्व औषधे, आयुर्वेदिक औषधांसह, एकाच कागदावर लिहिली जातात. शंका असल्यास रक्त तपासले जाते, संशयास्पद जखमेचा तुकडा तपासणीस पाठविला जातो. बुरशी असेल तर बुरशीनाशक औषध, जीवनसत्त्वांची कमतरता असेल तर ती भरून काढणे, दात बोचत असेल तर दंतवैद्याकडे पाठविणे, हे कारणाचे उपचार. त्यांच्या जोडीला आग शमविण्यासाठी व जखम भरण्यासाठी वैद्य ज्येष्ठमधाचा कवल किंवा तुपाचे प्रतिसारण सुचवितात. एका विभागाने सुरू केलेले औषध दुसऱ्याने परस्पर बंद करावयाचे नाही, असा नियम आहे.

खर्चाच्या दृष्टीनेही याचा विचार व्हावा. मऊ ब्रश, मीठ, खाण्याचा सोडा, ज्येष्ठमध आणि वेदनाशामक औषध यांचा खर्च अत्यल्प असतो. तीव्र मुखपाकाने रुग्ण अंथरुणाला खिळला, नाकातून नळी घालून अन्न द्यावे लागले आणि शिरेतून सलाईन लावावे लागले, की तोच खर्च कित्येक पटींनी वाढतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ सालच्या आदेशानुसार धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवल्या जातात, आणि निर्धन रुग्ण निधी उभारला जातो. त्या निधीतून दाखल रुग्णाचे बिल भागते. परंतु सोमवारच्या गाडीचे भाडे आणि घरी न्यावयाची औषधे कोणत्याही बिलात येत नाहीत. तेथे देणगीदारांचा छोटा हातभार मोठे काम करतो.

रुग्णांच्या कुटुंबीयांसाठी

एक पेला कोमट पाण्यात पाव चमचा मीठ व पाव चमचा खाण्याचा सोडा घालून दिवसातून पाच-सहा वेळा गुळण्या कराव्यात. सोडा खाण्याचा असावा, धुण्याचा नव्हे. ब्रश मऊ असावा, कवळी रात्री काढून ठेवावी, अल्कोहोल असलेले माउथवॉश वापरू नये. आहारात मुगाची मऊ खिचडी, तूप घातलेली पेज, दुधातले नाचणीचे सत्त्व, सपक व आंबट नसलेले पदार्थ असावेत. ते कोमट किंवा गार करून द्यावेत. लोणचे, मिरची, कोरडी भाकरी काही दिवस टाळावी. तंबाखू व सुपारी कायमची सोडावी. पाणीही गिळता येईनासे झाले, ताप आला किंवा रक्त येऊ लागले, तर त्याच दिवशी रुग्णालयात यावे. आणि किरणोपचारांचा दिवस आपल्या मनाने चुकवू नये. त्रास असह्य असेल तर शनिवारीच आपल्याकडे यावे. वेदनेवर औषध, पोटात अन्न आणि दोन रात्रींची विश्रांती देऊन रुग्णाला सोमवारपर्यंत प्रवासायोग्य करण्याचा आम्ही प्रयत्न करू.

विश्वस्त मंडळाने आयुर्वेद विभाग आणि आधुनिक वैद्यकाचे विभाग एका छताखाली ठेवण्याचा निर्णय घेतला, तो दोन पंथांत स्पर्धा लावण्यासाठी नव्हता. रुग्णाला दोन दारे ठोठवावी लागू नयेत, हा त्यामागील हेतू होता.